लॉगिंग लायब्ररीत लेव्हल कशा मांडाव्यात

दूध संकलन केंद्रावरच्या बल्क कूलरमध्ये दूध साधारण चार अंश सेल्सिअसवर ठेवतात. त्या कूलरवर बसणारा एक छोटा डबा आमची टीम बनवते. तापमान वाचायचं, कॉम्प्रेसर चालू आहे का बघायचं आणि दर मिनिटाला सर्व्हरला कळवायचं, एवढंच त्याचं काम. डब्यातला प्रोग्रॅम सीमध्ये आहे, सर्व्हरवरचा पायथनमध्ये. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात एका केंद्रावरचा कॉम्प्रेसर रात्री बंद पडला. डब्याने दोन मिनिटांत कळवलं. संदेश सर्व्हरला पोचला. पण कुणाचाही फोन वाजला नाही. सकाळी टँकर आला, केंद्रावरच्या मुलाने चाचणीसाठी थोडं दूध उकळलं आणि ते फाटलं. दीड हजार लिटर दूध होतं ते, आणि त्यामागे घरात एक-दोन म्हशी असलेली माणसं होती.

कारण शोधायला अर्धा दिवस गेला. सापडली ती एकच ओळ, आणि ती मी लिहिली होती. डबा प्रत्येक संदेशासोबत त्याची लेव्हल, म्हणजे तो किती गंभीर आहे ते सांगणारा आकडा, पाठवायचा, आणि तोही सिसलॉग या लॉग पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने. तिथे ० सर्वांत गंभीर आणि ७ म्हणजे डीबग, फक्त चूक शोधताना लागणारा तपशील. पायथनच्या लॉगिंगमध्ये १० म्हणजे डीबग आणि ५० म्हणजे क्रिटिकल. आकडे जुळत नाहीत एवढं माझ्या लक्षात आलं होतं, म्हणून आलेल्या आकड्याला मी दहाने गुणलं. त्यामुळे २ चे २० झाले. कॉम्प्रेसर बंद पडल्याचा क्रिटिकल संदेश सर्व्हरच्या लेखी साधा इन्फो ठरला, आणि फोन वाजवण्याची मर्यादा होती ४०. उलट ७ चे झाले ७०. ‘मी चालू आहे’ असं दर मिनिटाला सांगणारा डीबग संदेश क्रिटिकलच्याही वर जाऊन बसला. पहिले दोन दिवस सगळ्यांचे फोन त्याच संदेशाने वाजत होते. नव्या सिस्टिमचा गोंगाट आहे असं समजून आम्ही तो संदेश वगळायच्या यादीत टाकला आणि पुढच्या कामाला लागलो. चूक तिथे डोळ्यांसमोर होती. आम्ही तिच्यावर पांघरूण घातलं.

त्यानंतर मी आमची लॉगिंग लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅममध्ये काय घडलं त्याची नोंद ठेवणारा कोड, पहिल्यापासून लिहिली. लेव्हल ही लायब्ररीतली सर्वांत साधी गोष्ट वाटते; पाच नावं, पाच आकडे, दहा मिनिटांचं काम. माझे त्यात तीन आठवडे गेले आणि ते सत्कारणी लागले असं मी आजही मानते. तुम्ही स्वतःची लायब्ररी लिहीत असाल, किंवा दोन लायब्ररींमधला दुवा लिहीत असाल, तर मी कोणत्या क्रमाने गेले ते इथे मांडते.

आधी दिशा

आकडा वाढला की गांभीर्य वाढतं की कमी होतं, हा पहिला निर्णय. जगात यावर एकमत नाही, आणि होणारही नाही. सिसलॉग १९८० च्या दशकात बर्कलीला एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी लिहिला. त्यात इमर्जन्सी ०, अलर्ट १, क्रिटिकल २, एरर ३, वॉर्निंग ४, नोटिस ५, इन्फो ६ आणि डीबग ७. पुढे २००९ च्या आरएफसी ५४२४ या सिसलॉगच्या मानकातही हाच क्रम राहिला. लिनक्सवरचा सिस्टिमडी जर्नल आजही हेच आठ आकडे वापरतो. पायथनमध्ये २००३ साली लॉगिंग मोड्यूल आलं ते उलट्या दिशेने, १० पासून ५० पर्यंत चढत. डॉटनेटची आजची लायब्ररी ट्रेस ० पासून क्रिटिकल ५ पर्यंत चढते. रस्ट भाषेच्या ‘लॉग’ नावाच्या क्रेटमध्ये (लायब्ररीत) एरर १ आणि ट्रेस ५. नोडवाल्यांच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्यांच्या) विन्स्टन लायब्ररीत एरर ०, तर त्याच नोडवरच्या पिनोमध्ये ट्रेस १० आणि फेटल ६०.

सर्वांत बोलकं उदाहरण लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीचं. पहिल्या आवृत्तीत डीबग १०,००० आणि फेटल ५०,०००, म्हणजे चढता क्रम. दुसऱ्या आवृत्तीत फेटल १०० आणि डीबग ५००, म्हणजे उतरता. नाव तेच, घराणं तेच, दिशा मात्र उलटी. पहिल्या आवृत्तीवर बेतलेला आकड्यांचा हिशेब कुणी तसाच दुसरीवर नेला, तर कंपायलर काही बोलणार नाही आणि उलटी गंगा वाहू लागेल.

नव्या लायब्ररीसाठी मी चढता क्रम घेते. आपण बोलतानाही ‘वॉर्निंगच्या वरचं सगळं दाखव’ असंच म्हणतो, आणि कोड बोलण्याशी जुळला की वाचणारा फसत नाही. पण कोणतीही दिशा घेतलीत तरी त्याहून महत्त्वाचं काम पुढचं आहे. ती दिशा वापरणाऱ्याला कळण्याची गरजच पडता कामा नये.

म्हणजे असं. आमच्या जुन्या कोडमध्ये ‘लेव्हल >= ४०’ अशी तुलना सतरा ठिकाणी विखुरलेली होती. लिहिणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी दिशा मनात धरली होती. आता लायब्ररीत एकच फंक्शन आहे: ‘ही लेव्हल निदान एवढी गंभीर आहे का?’ त्याला दोन लेव्हल द्यायच्या, उत्तर हो किंवा नाही. आत आकडे चढते आहेत की उतरते, हे त्या एका फंक्शनला ठाऊक असतं, बाकी कुणालाही नाही. उद्या दिशा बदलायची झाली तरी एकच ओळ बदलेल.

आकडा उघडा ठेवू नका

दहाने गुणण्याची माझी ओळ चालली, कारण दोन्हीकडे नुसता पूर्णांक होता. पूर्णांकाला काहीही करता येतं. गुणता येतं, त्यात तापमान मिसळता येतं. लेव्हलला स्वतःचा टाइप द्या म्हणजे ही सोय बंद होते.

सीमध्ये इनम, म्हणजे ठरावीक नावांच्या यादीचा टाइप, पुरत नाही, हे आधीच सांगते. सीचा इनम आतून पूर्णांकच असतो. त्याच्याशी ३ ची तुलना केली तरी कंपायलर मुकाट्याने पुढे जातो. आम्ही एकच घटक असलेला स्ट्रक्ट (घटक एकत्र बांधणारा टाइप) केला: आत एक बाइट, बाहेर नाव. जागा तेवढीच लागते, पण दोन स्ट्रक्टमध्ये >= लावता येत नाही, == सुद्धा नाही. कोड कंपाइलच होत नाही, त्यामुळे लिहिणाऱ्याला आपलं तुलनेचं फंक्शन शोधावंच लागतं. सी++ मध्ये इनम क्लास घ्या. तो आपणहून पूर्णांक होत नाही.

पायथनमध्ये हात सवयीने इंटइनमकडे जातो, कारण तो तुलना फुकट देतो. पण तो साध्या आकड्याशीही तुलना करू देतो, आणि आमचा घात तिथेच झाला होता. साधा इनम घ्या. त्याला < लावलं तर पायथन टाइपएरर देतो, आणि आपल्याला तेच हवं आहे. मग फक्त आपल्याच टाइपपुरत्या तुलना स्वतः लिहा आणि समोर दुसरं काही आलं तर नॉटइम्प्लिमेंटेड परत करा. दहा-बारा ओळींचं काम. मी ती लायब्ररी लावली त्या दिवशी जुन्या कोडमध्ये नऊ ठिकाणी टाइपएरर आली. त्यातल्या दोन जागा खरोखर चुकीच्या होत्या आणि तोवर कुणाला कळल्या नव्हत्या.

नावांबद्दल सीवाल्यांना एक इशारा. लेव्हलचं नाव नुसतं ‘एरर’ असं मोठ्या अक्षरांत ठेवू नका. विंडोजच्या हेडरमध्ये त्याच नावाचा मॅक्रो (कंपाइल होण्याआधी प्रीप्रोसेसर ज्याच्या जागी ठरलेला मजकूर बसवतो असं नाव) आहे, त्याची किंमत ०. हेडर आधी आलं की तुमच्या इनममध्ये नावाच्या जागी शून्य जाऊन बसतं आणि कंपायलर भलत्याच ओळीवर ओरडतो. इनम क्लासही इथे वाचवत नाही, कारण प्रीप्रोसेसरला स्कोप समजत नाही. गूगलच्या जीलॉग या लॉगिंग लायब्ररीलाही याच कारणाने विंडोजसाठी छोटी नावं बंद करण्याची वेगळी सोय द्यावी लागली. ‘डीबग’ तर अर्ध्या जगाच्या मेकफाइलमध्ये मॅक्रो म्हणून पडलेला असतो. लायब्ररीचा उपसर्ग लावा आणि मोकळे व्हा.

फटी आणि शून्य

आकडे १, २, ३, ४, ५ असे सलग देऊ नका. दोन वर्षांनी कुणीतरी इन्फो आणि वॉर्निंगच्या मधली एक लेव्हल मागतं, आणि मग एक तर सगळे आकडे सरकवावे लागतात किंवा अडीच नावाची लेव्हल करावी लागते. साठवलेल्या जुन्या लॉगमध्ये जुने आकडे असतात, त्यामुळे सरकवणं म्हणजे इतिहास खोटा करणं. पायथनने दहा-दहाचं अंतर ठेवलं. जावाच्या २००२ च्या लॉगिंगमध्ये सिव्हिअर १०००, वॉर्निंग ९००, इन्फो ८००, कॉन्फिग ७००, मग थेट फाइन ५००, फाइनर ४००, फाइनेस्ट ३००.

मला सर्वांत विचारपूर्वक वाटते ती ओपनटेलिमेट्री या लॉग आणि मोजमापांच्या खुल्या मानकाची मांडणी. १ ते २४ आकडे, चार-चारच्या सहा गटांत: ट्रेस १ पासून, डीबग ५ पासून, इन्फो ९, वॉर्न १३, एरर १७, फेटल २१. प्रत्येक गटात चार पायऱ्या, त्यामुळे सिसलॉगच्या नोटिससारख्या मधल्या लेव्हलला जागा मिळते आणि गट मात्र तोच राहतो. गो भाषेत ऑगस्ट २०२३ मध्ये १.२१ आवृत्तीबरोबर एसलॉग हे लॉगिंगचं पॅकेज आलं, त्यानेही चार-चारचंच अंतर धरलं: डीबग उणे ४, इन्फो ०, वॉर्न ४, एरर ८. यात नऊ मिळवले की सरळ ओपनटेलिमेट्रीचा आकडा मिळतो. आणि मधली लेव्हल छापताना एसलॉग ‘इन्फो+२’ असं लिहितं. वाचणाऱ्याला ओळखीच्या नावावरून जागा कळते. हे मला फार आवडलं आणि मी ते आमच्या लायब्ररीत जसंच्या तसं घेतलं.

आता शून्य. ही गोष्ट लहान वाटते, पण डब्यात काम करणाऱ्यांनी इथे थांबून विचार करायला हवा. सीमध्ये मेमरी शून्याने पुसून स्ट्रक्ट तयार करायची सवय सगळ्यांनाच असते. लेव्हल भरायची राहिली तर ती शून्य. सिसलॉगच्या आकड्यांत शून्य म्हणजे इमर्जन्सी! म्हणजे विसरभोळेपणा सरळ रात्रीचा फोन वाजवतो. गोमध्येही न भरलेली किंमत शून्यच असते, म्हणून एसलॉगने शून्याला इन्फो बसवलं. विसरलात तरी निभावून जाईल असं. पायथनमध्ये ० म्हणजे नॉटसेट, ‘वरच्या लॉगरला विचार’ असा त्याचा अर्थ. ओपनटेलिमेट्रीत ० म्हणजे लेव्हल सांगितलेलीच नाही.

मी तिसरी वाट धरली. आमच्याकडे शून्य म्हणजे ‘भरलेली नाही’, आणि तसा संदेश एरर म्हणून मोजला जातो, सोबत मूळ फाइलचं नाव आणि ओळ. चाचणीच्या बिल्डमध्ये प्रोग्रॅम तिथेच थांबतो. प्रत्यक्ष केंद्रावर थांबत नाही. कूलरचा डबा लॉगच्या चुकीपायी बंद पडलेला मला चालणार नाही.

संदेशाची लेव्हल वेगळी, चाळणी वेगळी

संदेशाला लेव्हल असते. लॉगरला मर्यादा असते: याच्या खालचं गाळ. दोन्हींची नावं सारखी, म्हणून बहुतेक जण एकच टाइप वापरतात. मग मर्यादेला लागणारी दोन जादा नावं, ‘सगळं’ आणि ‘काहीच नाही’, हीसुद्धा लेव्हलच्या यादीत येतात आणि गोंधळ सुरू होतो. जावामध्ये ‘ऑफ’ ही एक लेव्हल आहे, किंमत पूर्णांकाची कमाल. कुणी चुकून संदेशच ‘ऑफ’ लेव्हलने लिहिला तर तो गाळला जाण्याऐवजी, लॉगर पूर्ण बंद नसेल तर, प्रत्येक चाळणीतून पार जातो. नाव ‘बंद’, वागणूक सर्वांत मोठ्या आवाजाची. डॉटनेटमध्येही ‘नन’ हा ६ क्रमांक क्रिटिकलच्या वर, त्याच इनममध्ये बसलेला आहे.

रस्टवाल्यांनी हे नीट केलंय. संदेशाची लेव्हल हा एक टाइप, त्यात पाचच किंमती. चाळणीची लेव्हल हा दुसरा टाइप, त्यात ‘ऑफ’ धरून सहा. ‘ऑफ’ लेव्हलचा संदेश तिथे लिहिताच येत नाही. तुमची भाषा दोन टाइप करू देत असेल तर दोनच करा. जास्तीचे वीस मिनिटांचे कष्ट आहेत.

किती लेव्हल, आणि कोणत्या

यावर लोक तासन्‌तास भांडतात. मी एकच प्रश्न विचारते: हा संदेश आला की कोण काय करणार? दोन लेव्हलला उत्तर एकच असेल तर त्या दोन नकोत.

आमच्याकडे पाच राहिल्या. क्रिटिकल: आत्ता माणसाला उठवा, नाहीतर दूध जाईल. एरर: सकाळी कामावर आल्यावर आधी हे बघा. वॉर्निंग: आठवड्याच्या आढाव्यात या संदेशांची संख्या बघा. इन्फो: कुणी काही करायचं नाही, पण उद्या तक्रार आली तर घटनाक्रम यातून लावता येईल. डीबग: एरवी बंद, टेबलावर डबा उघडून बसलेल्या माणसासाठी. ही पाच वाक्यं लायब्ररीच्या कोडमध्ये, त्या-त्या लेव्हलच्या वरच्या टिप्पणीत लिहिलेली आहेत. नवीन आलेली मुलं ‘हे वॉर्निंग की एरर?’ विचारतात तेव्हा मी त्यांना तिथेच पाठवते.

वॉर्निंगवर विशेष लक्ष ठेवा. ठरवता आलं नाही की लोक वॉर्निंग लिहितात, आणि महिन्याभरात ती लेव्हल कुणी वाचेनासं होतं. जावाच्या एसएलएफफोरजे लायब्ररीने फेटल ठेवलंच नाही, एररवर थांबले, ही त्यांची भूमिका मला पटते. आमच्याकडे क्रिटिकल राहिली, कारण रात्री उठवणं आणि सकाळी बघणं ही आमच्या धंद्यात खरोखर दोन वेगळी कामं आहेत. दिवसाला दोनदा क्रिटिकल वाजला तर तिसऱ्या रात्री कुणी उठत नाही. लांडगा आला रे आला.

फेटलबद्दल एक ठाम मत आहे. काही लायब्ररींत फेटल लिहिलं की प्रोग्रॅमच बंद होतो. जीलॉगमध्ये होतो, गोच्या झॅप लायब्ररीतही होतो. गोच्या मूळ लॉगमधल्या फेटलमुळे तर डिफर केलेली, म्हणजे फंक्शनच्या शेवटी करायला राखलेली कामंसुद्धा चालत नाहीत. लेव्हल हे संदेशाचं वर्णन आहे. प्रोग्रॅम मारणं ही कृती आहे. दोन्ही एका नावात बांधलं की लॉगची ओळ बदलणारा माणूस नकळत प्रोग्रॅमचं वागणं बदलतो. बंद करायचंच असेल तर ते पुढच्या ओळीत, वेगळं, उघडपणे लिहा.

आणि संदेश कुठून आला ते लेव्हलमध्ये घालू नका. विन्स्टनच्या नेहमीच्या यादीत इन्फो आणि व्हर्बोजच्या मध्ये ‘एचटीटीपी’ नावाची लेव्हल आहे. एचटीटीपीची विनंती क्षुल्लक असू शकते, नाहीतर घातकही. ते गांभीर्याचं माप होऊ शकत नाही. सिसलॉगने हे चाळीस वर्षांपूर्वीच वेगळं केलं होतं: फॅसिलिटी म्हणजे कुठून, सिव्हिरिटी म्हणजे किती. आम्ही ‘कॉम्प्रेसर’, ‘नेटवर्क’, ‘वजनकाटा’ ही नावं वेगळ्या रकान्यात ठेवतो.

वापरणाऱ्याला नवीन लेव्हल जोडू द्यावी का? माझं उत्तर नाही. पायथन जोडू देतं, पण लायब्ररी लिहिणाऱ्यांनी ते करू नये असं त्याचंच मार्गदर्शन सांगतं. एका लायब्ररीने २५ ला एक अर्थ दिला आणि दुसरीने दुसरा, तर दोन्ही वापरणाऱ्या बिचाऱ्याने काय करायचं?

नावं वाचणं आणि लिहिणं

सेटिंगच्या फाइलमध्ये माणूस लेव्हलचं नाव लिहितो: कधी लहान अक्षरांत, कधी मोठ्या, कधी ‘वॉर्न’, कधी ‘वॉर्निंग’. वाचताना हे सगळं स्वीकारा. लिहिताना मात्र एकच ठरलेलं रूप लिहा.

डबा जुळवायचं आमचं एक छोटं टूल जावात आहे. ते एका परदेशी तंत्रज्ञाच्या लॅपटॉपवर विचित्र वागायचं. फाइलमध्ये डीबग किंवा एरर लिहिलं तर चालायचं, इन्फो किंवा वॉर्निंग लिहिलं तर ‘अशी लेव्हल नाही’ म्हणायचं. तीच फाइल माझ्या मशीनवर व्यवस्थित. दोन दिवस आम्ही फाइलचं एन्कोडिंग तपासत बसलो. मग लक्षात आलं की चालणाऱ्या नावांत ‘आय’ हे रोमन अक्षर नाही आणि न चालणाऱ्यांत आहे. त्या लॅपटॉपची भाषा तुर्की होती. तुर्कीत टिंब असलेला आय आणि टिंब नसलेला आय ही दोन वेगळी अक्षरं आहेत. लहान आय मोठा केला की टिंबासकट मोठा होतो, आणि तो आपला नेहमीचा मोठा आय नसतो. आमच्या टूलने नाव मोठ्या अक्षरांत करून तुलना केली होती, लॅपटॉपच्या भाषेनुसार. उपाय एका शब्दाचा: अक्षरं बदलताना जावाला ‘लोकेल रूट’ (कोणत्याही एका भाषेचे नियम न लावणारी सेटिंग) सांगा. तुमची भाषा जर मशीनच्या भाषेप्रमाणे अक्षरं बदलत असेल, तर ही चाचणी आजच लिहून ठेवा.

अनोळखी नाव आलं तर? गुपचूप इन्फो धरू नका. प्रोग्रॅम सुरू होतानाच ओरडा, आणि चालणाऱ्या नावांची यादी छापा. पायथनचं गेटलेव्हलनेम फंक्शन अनोळखी नाव दिल्यावर तक्रार करत नाही. त्या नावाआधी ‘लेव्हल’ शब्द जोडून तेच परत देतं. मग ती स्ट्रिंग पुढे कुठेतरी आकडा म्हणून वापरली जाते आणि चूक मूळ जागेपासून दूर फुटते.

साठवताना नाव ठेवावं की आकडा? दोन्ही ठेवा. नुसतं नाव ठेवलंत तर डेटाबेसमध्ये कुणीतरी ‘लेव्हल एररपेक्षा मोठी किंवा बरोबर’ अशी क्वेरी लिहील. रोमन वर्णक्रमाने क्रम लागतो क्रिटिकल, डीबग, एरर, इन्फो, वॉर्निंग. त्या क्वेरीत एरर येईल, इन्फो येईल, वॉर्निंग येईल आणि नेमका क्रिटिकल गळेल. नुसता आकडा ठेवलात तर रात्री तीन वाजता लॉग वाचणाऱ्याला १७ म्हणजे काय ते आठवावं लागेल. ओपनटेलिमेट्रीतही आकडा आणि मूळ मजकूर असे दोन रकाने आहेत.

मराठीत भाषांतराचा प्रश्न आमच्याकडे आला होता. केंद्रावरच्या माणसाला डब्याच्या पडद्यावर ‘क्रिटिकल’ दिसून उपयोग नाही. त्याला ‘तातडीचं: कॉम्प्रेसर बंद’ असंच दिसतं. पण ते भाषांतर पडद्यावर दाखवतानाच होतं. साठवलेल्या लॉगमध्ये नाव एकाच भाषेत राहतं, नाहीतर शोध घेणारी प्रत्येक क्वेरी दोनदा लिहावी लागेल.

वेशीवरचा तक्ता

बाहेरच्या आकड्यांशी गाठ पडते ती वेशीवर. तिथे गणित करू नका, तक्ता लिहा. सूत्र कितीही सुबक असलं तरी नको. एसलॉगचं ‘नऊ मिळवा’ चालतं, कारण दोन्ही मांडण्या तशाच आखलेल्या आहेत. सिसलॉगपासून आमच्या लेव्हलपर्यंतचा तक्ता असा:

०, १, २ — क्रिटिकल
३ — एरर
४ — वॉर्निंग
५ — इन्फो+२
६ — इन्फो
७ — डीबग
बाकी काहीही — एरर, आणि मूळ किंमत संदेशात जोडा

सिसलॉगच्या ओळीत हा आकडा सुटा येत नाही हे लक्षात ठेवा. ओळीच्या सुरुवातीला कोनी कंसात एक संख्या असते: फॅसिलिटी गुणिले आठ, अधिक सिव्हिरिटी. आमच्या डब्याकडून <१३१> येतं. १३१ ला आठने भागा: भागाकार १६, बाकी ३. फॅसिलिटी १६ म्हणजे लोकल०, सिव्हिरिटी ३ म्हणजे एरर. कॉम्प्रेसर बंद पडल्याचा संदेश <१३०>, बाकी २. फॅसिलिटी २३ पर्यंतच असतात, म्हणून सर्वांत मोठी संख्या १९१. त्यापुढचं काही आलं तर ओळ बिघडलेली आहे.

तक्त्यात ०, १ आणि २ एकत्र झाले, म्हणजे परत उलट जाताना मूळ आकडा कळणार नाही. म्हणून मूळ आकडा वेगळ्या रकान्यात जपून ठेवा. उलट्या दिशेचा तक्ताही स्वतंत्र लिहा, पहिल्यावरून काढू नका.

वेगाबद्दल थोडक्यात. चाळणीची तपासणी संदेशाचा मजकूर जुळवण्याआधी व्हायला हवी, आणि ती एका तुलनेत संपायला हवी. मर्यादा चालू प्रोग्रॅममध्ये बदलता यावी. ती ॲटॉमिक किंमत म्हणून ठेवा, म्हणजे बदलत असताना कुणी वाचली तरी ती अर्धवट दिसणार नाही. डब्यात मेमरी कमी, म्हणून तिथे डीबगच्या ओळी कंपाइल करतानाच काढून टाकतो.

आता तपासणी. आठही सिसलॉग आकडे, शिवाय उणे १ आणि ८, असे दहा संदेश पाठवणारा एक छोटा प्रोग्रॅम आम्ही लायब्ररीसोबतच ठेवलाय. तो सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये काय उतरलं ते वाचतो आणि वरच्या तक्त्याशी ताडतो. कोडमध्ये कुणी काहीही बदललं की तो चालतो. पण नव्या केंद्रावर डबा बसवताना मी त्यावर भागवत नाही. कूलर रिकामा असताना कॉम्प्रेसरची वायर काढायला सांगते, घड्याळ लावते, आणि केंद्रचालकाचा फोन दोन मिनिटांत वाजला की मगच वायर परत जोडायला सांगून कागदावर सही करते.